पॉइंट जमवा, डॉक्टर राहा

डॉक्टरसाहेब, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट लागतात. पहिली चार वर्षं हे अजिबात आठवू नका.

पाचव्या वर्षी सीएमई, म्हणजे पॉइंट देणारी डॉक्टरांची व्याख्यानं, निवडताना विषय बघू नका, जेवण बघा. हाडांचे डॉक्टर असाल तर थायरॉइडला बसा. पॉइंट काय, सारखेच.

रविवारी साडेनऊला पोचा. काउंटरवर सही करा, बॅग घ्या, गळ्यात बिल्ला अडकवा. तिसऱ्या रांगेत बॅग ठेवली की जागेवर तुम्हीच बसला आहात, असं समजतात. कौन्सिलचा निरीक्षक आलेला असतो, त्याला लांबूनच नमस्कार करा. परवा एके ठिकाणी सकाळी खुर्च्या कमी पडल्या होत्या. दुपारच्या सत्राला वक्ता, माइकवाला आणि बॅगाच उरल्या. वक्ता बिचारा 'एनी क्वेश्चन्स?' विचारत होता. कोणाला, बॅगांना? चारला सर्टिफिकेट वाटायला सुरुवात झाली आणि पार्किंगमधून, बाजारातून, कुठून कुठून माणसं उगवली! रांगेत धक्काबुक्की. यांना म्हणे गर्दीचं ओपीडी सांभाळता येतं.

हात थरथरतो का, डोळ्यांना नीट दिसतं का, हे फॉर्मवर विचारत नाहीत. आपणही तो विषय काढू नका.

ब्रिटनकडे तर बघूच नका. तिथे डिसेंबर 2012 पासून रीव्हॅलिडेशन आहे, म्हणजे डॉक्टर अजून कामाला लायक आहे का याची फेरतपासणी. दरवर्षी अप्रेझल, म्हणजे कामाचा आढावा, त्यात आपल्यावरच्या तक्रारी आणि आपल्या चुका मांडायच्या. पाच वर्षांत एकदा तरी सहकाऱ्यांचा आणि पेशंटचा अभिप्राय घ्यायचा. मग या सगळ्यावर नेमलेल्या वरिष्ठ डॉक्टरची, रिस्पॉन्सिबल ऑफिसरची, शिफारस तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे. पेशंटने डॉक्टरबद्दल मत द्यायचं! इथे पेशंट गूगल करून आला तरी आपलं बीपी वाढतं.

पेशंटने केसपेपर मागितले तर 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत 72 तासांत द्या असं लिहिलंय, पण वाचतो कोण?

पुरे झालं. त्याच नियमांत शिकण्यासाठी पाच वर्षांत 30 तास सांगितलेत, म्हणजे महिन्याला अर्धा तास हो! तेवढाही खुर्चीत टेकवत नाही आणि अँटिबायोटिकच्या गैरवापरावरच्या व्याख्यानाचं सर्टिफिकेट खिशात घालून त्याच संध्याकाळी सर्दीला अझिथ्रोमायसिन लिहून देता. लाज वाटू द्या जरा. पुढच्या रविवारी जेवणानंतर हॉलमध्ये परत या, आणि बॅग मांडीवर घेऊन बसा.