स्मार्ट बल्बने वीजबिल निम्मं? आधी हिशोब तर करू

परत तो मेसेज फिरायला लागलाय. 'घरातले सगळे बल्ब स्मार्ट करा, प्रत्येक खोलीत सेन्सर बसवा, वीजबिल थेट निम्मं! फोनवरून बंद केलं की वीज शून्य. जगात कुठेही असा, घर तुमच्या मुठीत.' खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले इमोजी. मला या वस्तूंचं वावडं नाही, पण हा हिशोब काही जमत नाही.

आधी बिल. टूबीएचकेत 9 वॉटचे आठ एलईडी, सगळे रोज 5 तास चालू धरू (एवढे कोण लावतं ते सोडा), तर महिन्याला पावणेअकरा युनिट होतात. बिलातले सगळे आकार धरून युनिट दहा रुपयाला पकडलं तर झाले 108 रुपये. सेन्सरने यातला अर्धा वापर वाचवला असं मानलं तरी 54 रुपये, आणि तुमचं अख्खं बिल काय 108 येतं का? साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जमान्यात हे थोडंफार पटलं असतं, पण ते बल्ब जाऊन एलईडी आले, 2015 पासून सरकारच्या उजाला योजनेत स्वस्तात वाटले गेले, तेव्हाच दिव्यांवरची मोठी बचत होऊन गेली. आता बिल खातो गीझर, एसी, आणि ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही तो जुना पंखा. 75 वॉटचा पंखा रोज 12 तास फिरला की महिन्याला 27 युनिट, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॉटच्या आसपासचा, म्हणजे 11. एका पंख्यामागे 16 युनिट वाचले, घरातले सगळे दिवे मिळून खातात त्यापेक्षा जास्त. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला ना.

'फोनवरून बंद केलं की शून्य' हे तर साफ खोटं. फोनवरून बंद केलेला बल्ब वायफायवर कान लावून बसलेला असतो, नाहीतर पुढचा हुकूम त्याला ऐकू कसा येणार? त्यासाठी तो अर्ध्या वॉटपर्यंत खातो. आठ बल्ब, 24 तास, 30 दिवस, झाले जवळपास 3 युनिट, म्हणजे वर वाचवलेल्या साडेपाचातले निम्मे तर इथेच गेले. बरं भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की संपलं, ॲपवर 'ऑफलाइन'. आणि आपल्याकडे 'बाहेर पडताना लाइट बंद कर रे' ऐकतच सगळे मोठे झालेत, आजी बटण बंद करणारच! त्यापेक्षा बोर्डात बटणामागे बसतो तो छोटा स्मार्ट स्विच, म्हणजे मॉड्यूल बरा, बटणही चालतं आणि फोनही, आणि आपल्या बोर्डावर बहुतेक वेळा प्लग असतो त्यामुळे त्याला लागणारी न्यूट्रल वायर तिथेच मिळते.

आता प्रत्येक खोलीत सेन्सर. साधा पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, अंगाची उष्णता त्याच्यासमोरून हलली की तेवढं त्याला कळतं. म्हणून संडासात शांत बसलेल्या माणसाचा लाइट जातो आणि मग आतून हात ओवाळत बसायचं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात भिंतही अंगाइतकीच तापली की त्याची नजर आणखी अधू होते. मायक्रोवेव्ह लहरींवर चालणारा सेन्सर घेतला तर उलटं, तो प्लायच्या दारातून आणि काचेतून पलीकडचं पण बघतो, पॅसेजमधून कोणी गेलं की तुमच्या बेडरूममध्ये उजेड. हॉल, बेडरूम, अभ्यासाची खोली, जिथे माणूस बसून असतो तिथे सेन्सर म्हणजे डोक्याला ताप.

पण सोसायटीचा जिना आणि पार्किंग बघा. 20 वॉटच्या 30 ट्यूब रात्रभर 12 तास जळतात, महिन्याला 216 युनिट, आणि रात्री दोन वाजता तिथे कोण फिरतंय? तिथे सेन्सर खरंच पैसे वसूल करतो. मेसेजात याचा उल्लेखच नाही, कारण तो बल्ब विकणाऱ्यानेच लिहिलाय असं आपलं माझं मत.

राहिलं 'घर मुठीत'. बाहेरगावी असताना तुमच्या घरची लाइट गेली की राउटरही गेला, मूठ रिकामी. लाइट परत आली की बरेच स्मार्ट बल्ब फुल उजेडात पेटतात, रात्री तीनला आली तर तीनला. ॲपमध्ये बहुतेक वेळा 'वीज आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते, ती बदलून ठेवा. आणि आपला हुकूम बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून घरी येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीने एप्रिल 2022 मध्ये न सांगता सवरता सर्व्हर बंद केले, लोकांचं ॲप एका दिवसात मुकं झालं, भिंतीवरची बटणं तेवढी चालू राहिली. त्यामुळे घ्यायचंच असेल तर दुकानदाराला एकच विचारा, इंटरनेट बंद असताना हे घरातल्या घरात चालतं का, आणि तिथल्या तिथे राउटरची केबल काढून दाखवायला सांगा.