'ना ग्रंथपाल, ना कार्यकर्ता': सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

ग्रंथालयशास्त्र आणि समाजकार्य, दोन्ही पदव्या घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही खडसावलंत: हे अमेरिकेचं खूळ, आपल्याकडे अशी माणसं 'ना ग्रंथपाल, ना कार्यकर्ता' होतात, आणि वाचनालयाचा पगार त्यांना पुरत नाही. वर तुमची भाची लेख वाचून यवतमाळात हेच शिकायचं म्हणून हटून बसली, त्याचं खापरही माझ्यावर.

अमेरिकेचं आधी. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली, कारण बेघर माणसं तिथे दिवसभर बसून असत. आपल्या गावचं दुखणं वेगळं आहे. इथे माणूस कागदापाशी अडतो.

गडचिरोलीकडच्या एखाद्या वाचनालयात म्हातारा येतो आणि विचारतो, "जंगलाच्या कायद्याचं पुस्तक आहे का जी?" पुस्तक हातात दिलं की तुमच्या हिशेबाने काम संपलं. पण त्याचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा, कसत्या वनजमिनीवरचा दावा पुराव्यावाचून पडून असतो. तो आदिवासी नसेल, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, तिथला वास दाखवायचा. निस्तार पत्रक, म्हणजे जंगल-गायरानावरच्या गावाच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद, कुठल्या अभिलेख कक्षात असेल, शाळेची जुनी दाखलखारीज नोंदवही कामाची की गॅझेटियर, हे सांगणं ही तर संदर्भसेवाच, तुमची ग्रंथपालाची विद्या. पुढे वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घ्यायचा, ग्रामसभेत त्याला बोलतं करायचं, दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायला सोबत जायचं. हे एमएसडब्ल्यूवाला, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेणारा, क्षेत्रकार्यात, प्रत्यक्ष लोकांत काम करताना शिकतो. कागद शोधणारा एक आणि माणसासोबत चालणारा दुसरा, अशी दोन माणसं गावाला कोण देणार?

आणि वाचनालयाची देवघेव नोंदवही! टेबलावर उघडी, कोणी काय नेलं ते सगळ्या गावाला वाचता येतं. सासरी मार खाणारी बाई २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची पुस्तिका तिथे सही करून नेईल? समाजकार्य शिकलेला माणूस ती नोंदवही आधी आत ठेवेल, आणि तालुक्याला संरक्षण अधिकारी, म्हणजे त्या कायद्याखाली मदत करणारे अधिकारी, कुठे भेटतात, हे तिने न विचारताही सांगेल.

पगाराचं तुमचं म्हणणं मात्र खरंच आहे. २०२२ च्या ६० टक्के वाढीनंतरही 'ड', म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान वर्षाला ४८ हजारच झालं. त्यात पुस्तकं, वीज आणि माणूस. या पैशात दोन पदव्यांचा माणूस टिकत नाही, मी कितीही लिहिलं तरी. म्हणूनच भाचीने वाचनालयाच्या नोकरीची आशा धरून हे करू नये. समाजकार्याच्या पदवीवर संस्थेत, प्रकल्पात काम मिळतं. ग्रंथालयाची विद्या तिथे हाताशी राहते.

यूजीसीने २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकदम करायला मोकळीक दिली आहे. तरी तिने एकदम करू नयेत. क्षेत्रकार्य आठवड्याचे दिवस खातं, शिवाय एसटीचा भरवसा नाही. दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू आधी, त्यात क्षेत्रकार्यासाठी एखादं गावचं वाचनालय मागून घ्यावं. ग्रंथालयशास्त्राची एका वर्षाची पदवी मागाहून, मुक्त विद्यापीठातूनही होते.

वर्गीकरणाचा पेपर तिला जड जाईल. तो तुम्हीच शिकवा, सर.