आडनाव नाही म्हणून काही अडत नाही!

आइसलँडमध्ये आडनावं नसतात म्हणून पूर्वज शोधणं जवळपास अशक्य, हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अहो तिथे 1703 ची जनगणना नावानिशी झालीये, चर्चच्या नोंदवह्या आहेत, वडिलांचं नाव आणि शेताचं नाव हाताशी असलं की धागा लागतोच.

आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या शेजारीणबाईंचे पणजोबा तिकडून मॅनिटोबात आलेले, बाईंसोबत आम्ही उत्तर आइसलँडमधल्या होफसोस गावी गेलो, तिथलं स्थलांतर केंद्र अशाच, देश सोडून गेलेल्यांच्या वंशजांसाठी आहे, आणि बाईंकडे होतं काय तर जुन्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं शेताचं नाव, बस्स. तेवढ्यावर पणजोबांचं घर सापडलं! तिथल्या आजींनी कॉफी आणि क्लेइनुर (पीळ दिलेले तळलेले गोड पदार्थ) पुढे ठेवले, मग मागचा गवती मातीच्या भिंतींचा पडका गोठा दाखवला. नुसती राजधानी रेकयाविक बघून असं लिहू नका प्लीज, उत्तरेकडे जाऊन या.