स्वारगेटच्या पुढचा स्टॉप

सलाम.

तुम्हाला स्वर्गात जायचंय हे कळलं. फार चांगलं. पुण्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तसं वाटायला वेगळं कारण लागत नाही. संध्याकाळी साडेसहाला सिंहगड रस्त्यावर गाडी बंद करून उभा असलेला आपला माणूस 'प्रभू, लवकर ये' म्हणतो, तेव्हा त्यात भक्ती किती आणि ट्रॅफिक किती, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. पण नुसती ओढ असून भागत नाही, ती सांभाळावी लागते. ही पृथ्वी भलती चिकट आहे. दोन दिवस कुठे मन वर लागतंय तोवर कुणाचा तरी फोन येतो, कुणाला तरी ॲडमिट करायचं असतं, आणि आपण पुन्हा खाली. मी तीस वर्षं एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर, पंख्याखालची जागा न सोडता ह्या विषयाचा अभ्यास केलाय. त्या अधिकाराने चार गोष्टी सांगतो.

रोज बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, एकविसावा अध्याय वाचा. त्यात स्वर्गीय नगरीचं वर्णन आहे. ब्रोशर म्हणून त्याला तोड नाही. बारा वेशी, आणि एकेक वेस एकाच अखंड मोत्याची. रस्ता चोख सोन्याचा, म्हणजे दर पावसाळ्यानंतर डांबर टाकायची भानगड नाही. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्टेडिया. आजच्या मापात साधारण २,२०० किलोमीटर. उंचीलासुद्धा तेवढंच म्हटल्यावर एफएसआयचा प्रश्न कायमचा मिटला. रात्र नाही, त्यामुळे दिव्यांचं बिल नाही. पुढच्याच अध्यायात पाण्याची नदी थेट देवाच्या राजासनापासून निघते. टँकरवाल्याशी बोलावं लागणार नाही. पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत असं येशूने सांगून ठेवलंय, म्हणजे रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगाही संपल्या. ताबा कधी मिळणार ते मात्र विचारायचं नाही. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असं मार्काने आपल्या शुभवर्तमानात लिहिलंय, आणि पुण्यात फ्लॅट बुक केलेल्या माणसाला ह्या वाक्याची सवय असते.

फक्त त्या अध्यायातलं दुसरं आणि तिसरं वचन गाळा. तिथे भलतंच लिहिलंय. ती पवित्र नगरी देवापासून, स्वर्गातून खाली उतरताना हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला दिसते, आणि आवाज येतो की देवाची वस्ती माणसांजवळ आहे. म्हणजे बघा, आपण स्वारगेटला, पुढचा स्टॉप स्वर्ग असं धरून, पिशवी छातीशी कवटाळून उभे. आणि ते शहरच इकडे यायला निघालेलं! हे डोक्यात शिरलं की पंचाईत होते. पाहुणे येणार म्हटल्यावर झाडू हातात घ्यायची आपल्या लोकांना जुनी खोड आहे.

प्रभूची प्रार्थना म्हणतानाही तेवढं बघा. 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' ही ओळ आली की आवाज थोडा खाली घ्यायचा आणि 'आमची रोजची भाकर' आली की पुन्हा उचलायचा. आमच्याकडे हे सगळ्यांना आपोआपच जमतं.

पौलापासून, म्हणजे मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या त्या प्रेषितापासून, मात्र खरंच जपून राहा. 'मला जगणे हे ख्रिस्त आणि मरणे हे लाभ' हे वचन तुमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं असेल. ते तिथेच शोभतं, कारण फ्रेम तिथेच संपते. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं त्याचं पत्र संपत नाही. जेमतेम दोन वचनं खाली हाच माणूस म्हणतो की मी दोहोंकडून पेचात आहे; सुटून ख्रिस्ताजवळ जावं हे कितीतरी चांगलं, पण तुमच्यासाठी मी देहात राहणं जास्त गरजेचं आहे. आणि राहायचं ठरवतो! कैदेत बसलाय, निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो, आणि हे गृहस्थ वरच्याला सांगतात, थांब जरा, इथे काम आहे. बरं, काम तरी काय? तर पुढे चौथ्या अध्यायात तो त्या मंडळीतल्या दोन बायकांची नावं घेऊन, तुमचं एकमेकींशी जमवून घ्या अशी विनवणी करतो. स्वर्ग हातभर अंतरावर असताना महिला मंडळातलं भांडण मिटवत बसलेला माणूस आपण आदर्श म्हणून का घ्यावा? आणि एपफ्रदीताचं तर विचारूच नका. हा त्याचा सोबती मरणाच्या दाराशी जाऊन बरा झाला, तेव्हा पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. मरणं हा लाभ असेल तर लाभ हुकलेल्या माणसावर दया कसली? मी हा प्रश्न एकदा बायबल क्लासमध्ये विचारला होता. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि शेवटचं गीत घेतलं.

तुमचं खरं गोत्र थेस्सलनीकेचं, पौलाने पत्रं लिहिली त्या आणखी एका मंडळीचं. तिथे प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशी हवा उठलेली, आणि काही जण काम न करता नुसते घरोघर लुडबुड करत फिरत. माणसं अगदी आपल्यातली. पण तिथेही पौल आडवा आलाच: काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. स्वतः तंबू शिवून पोट भरायचा ना, त्यामुळे बोलायला मोकळा. आपलं नशीब एवढंच की हे वचन प्रीतिभोजनाच्या रांगेत, बिर्याणीच्या पातेल्यापाशी, कुणी मोठ्याने वाचत नाही.

आता सांत्वनाला कसं जायचं ते सांगतो, कारण स्वर्गाचा खरा उपयोग तिथेच होतो. मातीनंतर, म्हणजे दफनानंतर, दोन-तीन दिवसांनी जायचं. पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक न्यायचं. 'चांगल्या जागी गेले', 'प्रभूने आपलं फूल खुडून नेलं', 'तिथे ना दुखणं ना रडणं' ही वाक्यं तयार ठेवायची. ती म्हटली की समोरच्या बाईला काही बोलता येत नाही. स्वर्गाविरुद्ध कोण बोलणार? मग चहा घ्यायचा आणि निघायचं. मृत्यूचा दाखला काढला का, बँकेत नॉमिनी कोण, पोराची फी कधी भरायची आहे, हे विचारायचं नाही. याकोबाने बायबलातल्या आपल्या पत्रात ह्यावर एक खवचट परिच्छेद लिहून ठेवलाय: कुणी उघडा आणि उपाशी असताना त्याला नुसतं 'सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो' म्हटलं तर काय उपयोग. तो पुण्याचा असता तर त्याला कुठल्याही कमिटीवर घेतला नसता.

आमच्या गायनवृंदातला एक जण वारला तेव्हा मी असाच गेलो होतो. त्याची बायको खुर्चीत बसलेली, मांडीवर निळी प्लॅस्टिकची फाइल. मी स्वर्गावर वीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो. गीताची तीन कडवी म्हटली, वरच्या पट्टीत. ती फाइलचं बटण उघडायची, लावायची, परत उघडायची. टक्, टक्. मला राग आला होता, खरं सांगतो. प्रार्थनेत लक्ष नाही म्हणून. मी 'आमेन' म्हणायला आणि खालच्या झेरॉक्सवाल्याने दारात यायला एकच गाठ पडली. तो म्हणाला, "वहिनी, दाखल्याच्या दहा कॉप्या काढल्यात, बँक चारला बंद होते, चला, गाडी काढतो." ती उठली आणि गेली. मी चहाच्या कपासकट तिथेच. हा झेरॉक्सवाला आपल्या मंडळीचा नाही. कुठल्याच मंडळीचा नाही. दुकानात गणपतीचा फोटो आहे. येशूच्या गोष्टीत यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर लुटलेल्या जखमी माणसासाठी जो शोमरोनी थांबला तोही आपल्यातला नव्हता, हे मला जिना उतरताना आठवलं. त्याच्या आधी त्या जखमीला बगल देऊन गेलेल्या दोघा धर्मसेवकांपैकी माझा नंबर कितवा, तेवढा हिशेब मी केला नाही.

असे विचार मनात यायला लागले तर ती धोक्याची खूण समजा आणि काही दिवस दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसू नका. वाटेत केडगाव लागतं. तिथे 'मुक्ती' नावाची जागा आहे. नावावर जाऊन फसाल. मुक्ती म्हटल्यावर आपल्याला वाटतं ढग, वीणा, पांढरे झगे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावच्या शेतात आणून ठेवल्या. त्या शेतात मुक्ती उभी राहिली. त्या मुक्तीत काय होतं, तर विहिरी, माग, तेलाचा घाणा, शाळा, आणि छापखाना, ज्यात मुली टाइप जुळवायच्या. १९०५ मध्ये तिथे मोठं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं. मुली तासन् तास रडून प्रार्थना करत. आपल्यासारख्यांनी दुसऱ्या दिवशी पथाऱ्या गच्चीवर नेल्या असत्या, वरून बोलावणं आलं तर उशीर नको म्हणून. तिथे माग आणि घाणा पुढेही चालतच राहिला.

बाईंनी त्यातून वेळ काढून हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. शेवटच्या आजारात त्यांनी प्रुफं तपासून होईपर्यंत दहा दिवस देवाकडे मागून घेतले अशी गोष्ट सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. म्हणजे स्वर्गाच्या दारात उभं राहून मुदतवाढ मागायची, आणि कशासाठी, तर ऱ्हस्वदीर्घासाठी! पुणेकर म्हणून मला हे शंभर टक्के पटतं. स्वर्गोत्सुक माणूस म्हणून मात्र मी तुम्हाला ह्या बाईंचा फोटो घरात लावू नका असंच सांगेन.

देहूच्या बाजूलाही फार फिरकू नका. तिथल्या एका वाण्याने देवाकडे, मुक्ती नको, खुशाल गर्भवासी घाल, असं मागणं करून ठेवलंय. 'तो आपल्यातला नव्हे' म्हणून तुम्ही हात झटकाल. पण आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. ज्यांची भजनं आपण डोळे मिटून म्हणतो त्यांनीच पूल असा भलत्या ठिकाणी बांधून ठेवला, त्याला आपण काय करणार.

आता शेवटचं. नाना पेठेत आमच्या मंडळीतल्या एक आत्या राहतात, त्यांच्याकडे जाणं टाळा. वय ब्याऐंशी. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांची वर्षानुवर्षं एकच विनंती: "प्रभू, आता ने रे बाबा, किती ठेवशील?" आम्ही सगळे आमेन म्हणतो, जरा जास्तच जोरात. तर मागच्या महिन्यात कळलं की आत्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली. मी मुद्दाम गेलो. अभ्यासाचा विषय होता.

आत्या खिडकीपाशी, उजेडाला, मांडीवर परात घेऊन बसल्या होत्या. परातीत गवार. एकेक शेंग नाकाशी नेऊन बघायच्या, मग बघणं सोडून अंगठ्याने चाचपायच्या, टोक मोडायच्या, शीर ओढायच्या. म्हटलं, "आत्या, तिकडे नवे डोळे मिळणारच आहेत. इथे लेन्सवर कशाला खर्च?"

"अरे, शिरा दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "गेल्या शनिवारी ससूनमध्ये एका बाईच्या दातात दोरा अडकला. पोराला रक्त द्यायला आलेली बिचारी, दिवसभराने दोन घास खायला बसली, तर तोंडात दोरा."

दर शनिवारी ह्या आणि शेजारच्या दोघी मिळून पेशंटच्या नातेवाइकांसाठी बारा डबे पाठवतात. मला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं माझ्या पुढच्याच बाकावर बसतात.

"आणि बुधवारी म्हणता ते?"

"ते आहेच की. जायचंय मला. पण आज गुरुवार आहे ना, आणि ही गवार कोण बघणार? तू बस. सूर तुझा चांगला आहे, हात कसा आहे ते बघू." असं म्हणून त्यांनी परात माझ्याकडे सरकवली.

म्हणून सांगतो, त्या जिन्याने वर जाऊ नका. जिना लाकडी आहे, दुपारीसुद्धा अंधार असतो, आणि वरून तिसरी पायरी हलते. नखं काळी होतात ती दोन दिवस जात नाहीत, रविवारी गीतांचं पुस्तक धरताना शेजारच्याला दिसतात. आणि आत्या 'थोडीशीच आहे रे' म्हणतात ती गवार तीन किलो असते.