नम्रता कुणी कुणाकडे मागायची?

ताई, सलाम.

नाशिकच्या शरणपूरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "नम्रतेचे धडे नेहमी झाडू मारणाऱ्यालाच मिळतात, कमिटीवर बसणाऱ्याला कुणी देत नाही. जेकब वेनराइटचं एवढं कौतुक केलंत, पण त्याच्या निष्ठेचं त्याला काय मिळालं? आणि नम्र माणसाने काय, गप्प बसायचं?" दोन दिवस हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जेकबबद्दल. आफ्रिकेतला, याओ जमातीचा हा मुलगा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटला आणि आपल्या नाशकात, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात शिकला. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्या मदतीला 1872 मध्ये जी माणसं गेली त्यांत तो होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या आफ्रिकी सेवकांच्या पुढारपणाखाली त्यांनी तो देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. पोहोचेपर्यंत फेब्रुवारी 1874 उजाडला. ताई, ज्याची चाकरी करायची तो माणूस आता जिवंत नव्हता. हुकूम करायला कुणी नाही, पाहायलाही कुणी नाही. देह तिथेच पुरून घरची वाट धरली असती तर त्यांना जाब कोण विचारणार होतं? मला ही माणसं मोठी वाटतात ती यासाठी.

पण तुमचं म्हणणंही खरं आहे. 18 एप्रिल 1874 रोजी लिव्हिंग्स्टनला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये पुरलं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. सुसी आणि चुमा मात्र इंग्लंडला पोहोचले तेव्हा दफन उरकलेलं होतं. ज्यांनी वाट काढली, त्यांनाच त्या दिवशी जागा नव्हती. जेकब 1892 मध्ये आफ्रिकेत वारला. जगाने त्यांची कदर केली नाही, हा दोष जगाचा. तो त्यांच्या नम्रतेच्या नावावर झाकू नये, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. आलं नाही.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण ते मला लागलं. आमच्या चर्चमध्ये एक मावशी झाडलोट करतात, सतरंज्या घालतात, प्रभुभोजनाची भांडी घासतात. मागच्या वर्षी त्यांनी मानधन वाढवून मागितलं. मी कमिटीवर आहे. मी त्यांना म्हणालो, "मावशी, ही देवाची सेवा आहे. आपण सगळे निरुपयोगी दास." त्या काही बोलल्या नाहीत, बादली उचलून गेल्या. मला वाटलं, आपण वचनाला धरून बोललो.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय पुन्हा उघडला. येशू शिष्यांना सांगतो की सगळं काम करून झाल्यावर 'आम्ही निरुपयोगी दास आहोत' असं म्हणा. 'आम्ही' म्हणा. ते दासाने स्वतःबद्दल म्हणायचं आहे. धन्याने दासाला ऐकवायचं ते वाक्यच नाही. मी ते उचललं आणि पैसे वाचवायला वापरलं. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, असंही म्हटलंय. ते मला त्या दिवशी आठवलं नाही.

येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग घ्या. कमरेला रुमाल बांधून खाली कोण बसलं? ज्याला बाकीचे गुरू आणि प्रभू म्हणत होते तो. त्याने पेत्र या शिष्याला 'तू माझे पाय धू' असं सांगितलं नाही. त्यामुळे कमिटी, पाळकसाहेब, आणि मी, आम्ही आधी खाली बसलो नाही तर नम्रतेवर बोलायचा आम्हाला अधिकार नाही. हे मी मनापासून मान्य करतो.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. नम्रता म्हणजे दुबळेपणा, असं तुमच्या लिहिण्यात शेवटी येतं. तसं नाही. पकडून महायाजकापुढे, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य पुरोहितापुढे, उभं केलेलं असताना शिपायाने येशूला चपराक मारली. तेव्हा येशू गप्प बसला नाही. माझं बोलणं चुकीचं असेल तर दाखव, बरोबर असेल तर मारतोस का, असं त्याने विचारलं. हात उगारला नाही, पण जाब विचारला. मावशींनी पगार मागितला तेव्हा त्याही नम्रच होत्या. गर्व माझ्याकडे होता.

परवा जेल रोडला त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. मानधनाचा विषय या महिन्याच्या मीटिंगमध्ये घेतलाय. मावशींनी चहा केला आणि किती रक्कम हवी ते स्पष्ट सांगितलं. मी ती डायरीत लिहून घेतली.