दार उघडता आलं म्हणजे घरी परतता येतं असं नाही

मांजर पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा मथितार्थ असा: जी मांजर दार उघडून पळण्याइतकी हुशार आहे, ती भूक लागली की आपली आपण परत येते. शोधाशोध करून तिला बिथरवू नका, लिटर बॉक्स (तिची शी-शूची पेटी) दाराबाहेर ठेवा, वासावर येईल. पळाली म्हणजे घरात तिचा जीव रमत नव्हता, तेव्हा यापुढे तिला मोकळं सोडा. उंचावरून पडली तरी ती पायांवरच उतरते, आणि कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर काळजीच नको.

हा मजकूर धीर देतो, आणि नेमका त्यामुळेच घात करतो. हातपाय हलवायला हवेत ते पहिले तास माणसं दाराशी वाट बघत घालवतात.

आधी हुशारीचं बघू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना लाकडी पिंजऱ्यात कोंडलं होतं. मांजर ओरबाडायची, चावायची, फटीतून पंजे घालायची आणि या धडपडीत कधीतरी दोरीचा फास ओढला जाऊन दार उघडायचं. पुढच्या खेपांना निरुपयोगी धडपड हळूहळू कमी व्हायची, तेवढा फास ओढणं उरायचं. आमच्याकडची एक हेच करते. हँडलवर उडी मारून लोंबकळते, अंगाच्या भाराने ते खाली आलं की मागच्या पायाने चौकटीला रेटा देते. ही विद्या ओळखीच्या घरात, त्याच दारावर पुन्हा पुन्हा खटपट करून आलेली आहे. बाहेरच्या जिन्यातला एकही वास तिच्या ओळखीचा नसतो, तिथे ही विद्या काय कामाची? हँडलचं म्हणाल, तर एकदा जमलं की मांजर सोकावते. रागावून उपयोग नाही. गोल मूठ बसवा किंवा वरच्या बाजूला कडी लावा.

‘आपली आपण येते’ याला आकड्यांचा आधार नाही. हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात ६१ टक्के मांजरं सापडली, म्हणजे दहातली जवळपास चार सापडलीच नाहीत. ७५ टक्के मांजरं पळाल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली, आणि कधीच बाहेर न सोडलेली मांजरं मोकळ्या फिरणाऱ्यांपेक्षा कमी अंतरावर. प्रत्यक्ष फिरून शोधल्यास मांजर जिवंत मिळण्याची शक्यता वाढते, असा कलही त्यात दिसला.

मग शोधूनही ती दिसत का नाही? कारण घाबरलेली मांजर हूं की चूं करत नाही. आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका या जपानी संशोधकांनी २०१३ साली मांजरांना मालकाच्या हाका ऐकवल्या. मांजरांना तो आवाज ओळखू आला, पण प्रतिसाद बहुतेक कान टवकारणं, मान वळवणं एवढाच होता. हे त्यांच्या स्वतःच्या घरात! गाडीखाली अंग चोरून बसलेली मांजर तुमची हाक ऐकत असेल आणि जागची हलणार नाही. ‘हाक मारली, आली नाही, म्हणजे इथे नाही’ असं धरून पुढच्या गल्लीत जाऊ नका. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरा आणि जिन्याखालची सांदी, गाड्यांची खालची बाजू, पाइपांमागची फट वाकून बघा. डोळे चमकतात. दिसली की झडप घालू नका. खाली बसा, तिच्याकडे रोखून न बघता हलक्या आवाजात बोला आणि कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, उघडं ठेवा. उचलून छातीशी धरून आणताना एखादा हॉर्न वाजला की ती पुन्हा निसटते.

लिटर बॉक्सचा वास तिच्यासारखाच आसपासच्या बोक्यांनाही येतो. बोका दाराशी ठाण मांडून बसला तर दडून बसलेली मांजर आणखी लांब जाईल. त्यापेक्षा तिचं रोजचं अंथरूण कॅरिअरमध्ये घालून दाराशी ठेवा आणि स्वतः पहाऱ्याला बसा.

घरात जीव रमत नाही, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. कंटाळलेली मांजर दार धरून बसते. पण त्यावर उपाय घरातच आहेत: पहाटे आणि संध्याकाळी, ती सर्वांत चपळ असते तेव्हा दोरीच्या खेळण्यामागे दमेपर्यंत पळवणं, जाळी लावलेल्या खिडकीत उंच बैठक देणं. आणि नसबंदी. चार महिन्यांची मादीसुद्धा माजावर येऊ शकते, आणि त्या दिवसांत तिची बाहेर पडण्याची धडपड वेगळीच असते. त्यावरून तिला घर नकोसं झालंय असा निष्कर्ष काढणं तिच्यावर अन्याय आहे.

पडण्याबद्दल १९८७ सालच्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासाचा दाखला देतात, की उंचावरून पडलेली ९० टक्के मांजरं वाचली. ती सगळी दवाखान्यात आणलेली, उपचार मिळालेली मांजरं होती. जागीच मेलेली त्या हिशोबात धरलेलीच नाहीत. वाचलेल्यांतही छातीला मार, तुटलेला जबडा, मोडलेले पाय होते.

राहिली चिप. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरी नसते, ती ठावठिकाणा कळवत नाही. कुणी मांजर पकडून स्कॅनर अगदी जवळ नेला तरच क्रमांक उमटतो. त्या क्रमांकापुढे तुमचा जुना फोन नंबर असेल तर सापडलेली मांजरही तुमच्यापर्यंत येत नाही. नोंद आजच तपासून घ्या.