पाणी कधी द्यायचं, हे कोण ठरवतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या संशोधनाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही औशाहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचं सार आधी सांगते. तुमचं म्हणणं असं की खरे शास्त्रज्ञ जमिनीवर बसलेले असतात, वरची माणसं सूचना वाचून बटणं दाबतात, मग 'वर राहून संशोधनाचं नेतृत्व' कसलं? दुसरं, 550 कोटी खर्चून अंतराळात मूग-मेथीला मोड आणायचे आणि इकडं सोयाबीन हमीभावाच्या खाली विकायचं, हे लेकरांना कोणत्या तोंडानं शिकवता? तुम्ही रागानं लिहिलंय, पण विचार करून लिहिलंय. म्हणून मीही जरा लांबण लावते.

पहिल्या मुद्द्यातला निम्मा भाग बरोबरच आहे. प्रयोगाची कल्पना, आखणी आणि शेवटचा निष्कर्ष जमिनीवरच्या संशोधकाचा असतो. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये वर होते तेव्हा मूग-मेथीचा प्रयोग होता धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा. शुक्ला हवाई दलाचे वैमानिक, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हेत. स्थानकावरचं नासाचं रोजचं प्रयोगांचं वेळापत्रकही अमेरिकेतल्या हंट्सविलच्या केंद्रातून हलतं आणि तिथं रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. इथपर्यंत आपलं एकमत.

पण 2015 च्या डिसेंबरमध्ये काय झालं ते बघा. स्थानकावर झिनियाची फुलझाडं लावली होती. आपल्याकडं पाऊस झाला की पाणी काळ्या रानात खाली उतरतं, मातीच्या कणांत हवा शिरते, मग वाफसा आला म्हणून आपण तिफण धरतो. वर पाण्याला उतरायला 'खाली'च नाही. ते मुळाभोवती थर धरून बसतं आणि मूळ गुदमरतं. पानांभोवतीची हवासुद्धा आपोआप हलत नाही, कारण गरम हवा वर जाणं हेही गुरुत्वाकर्षणाचंच काम. तिथं पंखा लावावा लागतो. झिनियांना पाणी जास्त झालं, पानांच्या कडांवर थेंब साचले, बुरशी धरली. मग पंखे जोरात लावले, तर झाडं वाळायला लागली. खालच्या वेळापत्रकात पाण्याची पाळी 27 डिसेंबरला होती. स्कॉट केली हा तिथला अंतराळवीर 24 तारखेला खाली कळवतो की झाडांना पाणी आजच पाहिजे, आणि मंगळावर जायचं असेल तर पाणी कधी द्यायचं हे तिथल्या माणसानंच ठरवायला हवं. केलीसुद्धा मूळचा वैमानिकच. खालच्या चमूनं त्याचं ऐकलं, एक पानभर मार्गदर्शिका पाठवली आणि बाग त्याच्या हवाली केली. जानेवारी 2016 मध्ये झिनिया फुलली.

दादा, तुम्ही रानातलं माणूस. कृषी सहायकानं दिलेला कागद हातात असतो, पण पान कधी माना टाकतंय हे बांधावर उभं असणाऱ्यालाच दिसतं. मी नेतृत्व म्हणते ते याला. समोरची गोष्ट कागदाप्रमाणं वागेनाशी झाली की निर्णय घ्यायचा, आणि तो खालच्या शास्त्रज्ञांना पटवून द्यायचा. बटण दाबणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही.

आता पेगी व्हिटसन. तुमच्या प्रतिक्रियेत सोयाबीन आलं तेव्हा मला पहिली तीच आठवली. ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याची लेक. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. पुढं जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि 2002 मध्ये स्थानकावर असतानाच नासानं तिला स्थानकाची पहिली 'विज्ञान अधिकारी' केलं. त्या मुक्कामात तिनं 21 प्रयोग हाताळले. त्यातला एक सोयाबीनचा: बंद पेटीत 97 दिवस, बी ते पुन्हा बी. अंतराळात सोयाबीननं पूर्ण चक्र पुरं करण्याची ती पहिली वेळ. पेटी बरीचशी स्वयंचलित होती हे मान्य. पण हीच व्हिटसन 2017 मध्ये पुन्हा वर होती. स्थानकाच्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्मजीव गोळा करून वाढवायचे आणि त्यांच्या डीएनएचा क्रम तिथंच वाचून ते ओळखायचे, असं पहिल्यांदाच होणार होतं. तेवढ्यात नासाचं खालचं केंद्र जिथं आहे त्या ह्यूस्टनला हार्वे वादळानं पुरात बुडवलं. खालची संशोधिका स्वतःच्या मोबाइलवरून जोडली गेली. काम थांबलं नाही, जीव ओळखले गेले, आणि नमुने खाली आल्यावर तेच निष्कर्ष पक्के झाले. 2025 च्या शुक्लांच्या मोहिमेची कमांडर हीच बाई होती.

सोयाबीनच्या त्या पेटीबद्दल आणखी एक सांगते, कारण 'आम्हाला काय' हा प्रश्न तुम्ही विचारलाय. झाडं इथिलीन वायू सोडतात. बंद पेटीत तो साचला तर झाडं लवकर म्हातारी होतात. म्हणून त्या संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून हवेतलं इथिलीन काढणारं यंत्र बनवलं. त्याच तत्त्वावरची यंत्रं पुढं फळं-फुलं साठवण्याच्या जागी आली. अर्धापूरची केळी पिकवायला ज्या खोल्यांत हा वायू सोडतात, त्याच वायूची ही उलटी बाजू. माल पिकू न देता ठेवायचा असेल तर तो हवेतून काढायचा. शिवाय 2018 पासून स्थानकाच्या बाहेर इकोस्ट्रेस नावाचं उपकरण बसवलेलं आहे. ते पिकाच्या पानांचं तापमान मोजतं. पाण्याचा ताण बसला की झाड बाष्प सोडायचं कमी करतं, पान तापतं, आणि डोळ्याला सुकणं दिसायच्या आधी हे कळू शकतं.

पण यानं मोंढ्यातला भाव वाढणार नाही, आणि तसं मी कुठंही म्हटलेलं नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्याच्या खाली माल घालताना काय वाटतं हे आमच्या घरालाही माहीत आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत उभी पिकं गेली, त्याची भरपाई मागितलीच पाहिजे, भांडून मागितली पाहिजे. पण ती सरकारी खरेदीकडं, विम्याकडं, आयात धोरणाकडं मागायची. ते 550 कोटी दोन अंतराळवीरांच्या प्रशिक्षणासह पूर्ण मोहिमेचे होते, आणि त्यातला अनुभव गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी मोहिमेसाठी लागणार आहे. मूग हा सात भारतीय प्रयोगांपैकी एक. ते बी परत आणून अनेक पिढ्या लावून बघायचं, असं धारवाडच्या लोकांनी ठरवलं होतं. म्हणजे पुढचं काम वावरातच.

लेकरांना काय शिकवता म्हणालात. हेच शिकवते. तुमची मुलगी नववीत आहे असं लिहिलंय. परभणीच्या कृषी विद्यापीठात सोयाबीनच्या नव्या वाणांवर काम चालतं, 'एमएयूएस 71' तिथलाच. खरिपात एकदा तिला तिथं घेऊन जा. वाण कसे निवडतात, कोणतं झाड का काढून टाकतात, हे तिलाच विचारू द्या. आणि ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.